नॅरोगेजची वाफेची इंजिने: ती कशी पाहावीत आणि त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत

जतन केलेल्या एका नॅरोगेज इंजिनाची चाळीसेक छायाचित्रे घेऊन मी पहिल्यांदा घरी परतलो, तेव्हा माझ्या भाचीने ती सगळी शांतपणे पाहिली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: "मामा, पण तू तर छोट्या गाडीचे फोटो काढायला गेला होतास ना?" प्रश्न बिनतोड होता. सगळी चित्रे छातीच्या उंचीवरून आणि अगदी बाजूने घेतलेली होती, चौकट इंजिनाने काठोकाठ भरलेली होती आणि एकाही चित्रात माणूस नव्हता. बाजूने घेतलेल्या चित्रात दोन रुळांमधले अंतर दिसत नाही, ही इतकी उघड गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती. जे इंजिन पाहायला एवढ्या लांब गेलो होतो, त्याचे मुख्य वैशिष्ट्यच मी चित्राबाहेर ठेवून आलो होतो. तेव्हापासून नॅरोगेजचे छायाचित्र तपासताना मी आधी हेच पाहतो की त्यात गेज दिसते आहे का, आणि सरळ दिसत नसेल तर निदान ते जाणवते आहे का.

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. जगातील बहुतेक मोठ्या मार्गांवर ते १४३५ मिलिमीटर आहे आणि भारतातील ब्रॉडगेजवर १६७६. त्याहून अरुंद मापांचे मात्र पुष्कळ प्रकार आहेत. दार्जिलिंग आणि माथेरानचे मार्ग ६१० मिलिमीटरचे आहेत, कालका-सिमला ७६२ चा, जर्मनीतील सॅक्सनीचे जुने मार्ग ७५० चे, वेल्समधील फेस्टिनिओग ५९७ चा, तर अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगरांतले मार्ग ९१४ चे. भारतात मीटरगेज हा वेगळा वर्ग मानला जातो, म्हणून काटेकोर बोलायचे तर निलगिरीची गाडी नॅरोगेजच्या यादीत येत नाही. युरोपात मात्र मीटरगेजही अरुंदच समजतात. छायाचित्राखाली ओळ लिहिताना हा फरक लक्षात ठेवला, तर जाणकारांशी होणारा एक निष्फळ वाद टळतो.

रूळ जवळ आणण्यामागे हौस नव्हती, हिशेब होता. अरुंद मार्ग डोंगराच्या कडेने अधिक तीव्र वळणे घेऊ शकतो, त्यामुळे बोगदे, पूल आणि खोदाई कमी लागते. हलक्या रुळांवर हलके इंजिन चालवायचे, तर वजन अनेक आसांवर सारखे वाटावे लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेल्या आणि १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर आसामागे ५ टनांची मर्यादा पाळून इंजिने आणि डबे बेतलेले होते. माथेरानची अडचण वेगळी होती. तिथे वळणे इतकी तीव्र होती की सहा चाके ताठ चौकटीत बसवलेले इंजिन त्यांवर अडकले असते. म्हणून ओरेनस्टाइन आणि कॉपेल या जर्मन कारखान्याने त्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस बसवले. या रचनेत चाके एका पोकळ आसावर असतात, आतला भरीव आस चौकटीत फिरतो आणि बाहेरच्या पोकळ आसाला थोडे बाजूला सरकण्याची व वळण्याची मोकळीक मिळते. या इंजिनांपैकी ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर उभे राहून चाकांकडे पाहताना ही गोष्ट ठाऊक असली, तर कॅमेरा आपोआप खाली वाकतो.

मात्र अरुंद म्हणजे नेहमीच चिमुकले, असे समजू नये. दक्षिण आफ्रिकेहून वेल्श हायलँड रेल्वेवर आलेली एनजीजी १६ वर्गाची गॅरेट इंजिने (मध्ये बॉयलर आणि दोन्ही टोकांना चाकांचे स्वतंत्र संच असलेली) अवघ्या ५९७ मिलिमीटरच्या रुळांवर सुमारे ६० टनांचे धूड वाहतात. कोलोरॅडोची १९२५ साली बाल्डविन कारखान्याने बांधलेली के-३६ वर्गाची इंजिने त्यांच्याहूनही दांडगी आहेत. म्हणूनच चित्रात नुसता लहानपणा दाखवून भागत नाही. रूळ आणि यंत्र, यंत्र आणि माणूस, यंत्र आणि डोंगर यांच्यातले प्रमाण त्यात उतरले पाहिजे.

उभे कुठे राहावे

प्रमाण दाखवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे इंजिनाला समोरून किंवा समोरच्या तिरक्या कोनातून पाहणे. समोरून पाहिले की दोन रूळ, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या पाण्याच्या टाक्या आणि मध्ये बॉयलरचे गोल तोंड असा, ओझे घेतलेल्या माणसासारखा आकार दिसतो. पण समोरून पाहण्यासाठी रुळांमध्ये उभे राहणे हा मार्ग नव्हे. त्यासाठी वळण शोधावे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, रुळांपासून चांगले दूर उभे राहून १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर वळणात शिरणारी गाडी काही क्षण थेट आपल्या रोखाने येते आणि मग बाजूला वळून निघून जाते. तेच काही क्षण हवे असतात. फलाटाचे टोकही चालते, पण तिथे सगळेच उभे असतात.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा निर्णय आहे आणि याबाबत माझे मत थोडे हट्टी आहे. रुळाच्या पातळीवर कॅमेरा टेकवून रुंद कोनाच्या लेन्सने घेतलेले इंजिन राक्षसासारखे दिसते. चित्र पाहणारा दचकतो आणि छायाचित्रकार खूश होतो, पण ते चित्र खोटे असते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेले चित्र खरे असते, कारण अनेक लहान इंजिनांचे धुराडे उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा फारसे उंच नसते आणि ही जवळीक त्या उंचीवरूनच कळते. गुडघ्यावर बसून, चाकांच्या मध्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र या दोहोंच्या मधले असते. यंत्रभाग नीट दिसतात आणि इंजिन फुगतही नाही. मी बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

माणूस चित्रात येऊ द्यावा. चौकट रिकामी मिळावी म्हणून लोक हटण्याची वाट पाहत बसणारे छायाचित्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. मोठ्या इंजिनाच्या चित्रात ती वाट पाहणे एक वेळ समजण्यासारखे आहे, पण इथे मोजपट्टीचे काम माणूसच करतो. दार्जिलिंगच्या बी वर्गाच्या इंजिनांवर पुढच्या बाजूला बसून रुळांवर वाळू टाकणारी माणसे असत. त्या जुन्या छायाचित्रांत ती माणसे झाकली, तर इंजिनाचा आकार डोळ्यांना ठरवता येत नाही. ती दिसू दिली की सारे एका क्षणात कळते. त्याच मार्गावर गाडी वस्तीतून जाताना दुकानांच्या उंबरठ्यालगत सरकते, रस्ता पुन्हा पुन्हा ओलांडते, आणि दार, छत्री, उभी सायकल अशी कोणतीही रोजची वस्तू चित्राला माप देऊन जाते. ऑस्ट्रेलियातील पफिंग बिली रेल्वेचा मनबल्क क्रीकवरचा लाकडी पूल हेच काम वेगळ्या रीतीने करतो. तिथे खांबांची रांग आणि उंच झाडी यांच्यामध्ये गाडी खेळण्याएवढी होते, आणि तशीच ती असू द्यावी. झूम करून पूल कापून टाकू नये.

जागा निवडताना चढ कुठल्या दिशेला आहे, ते आधी विचारून घ्यावे. उतारावर चालक रेग्युलेटर बंद करतो, वाफ सिलिंडरमध्ये जात नाही आणि गाडी जवळजवळ मुक्याने घरंगळत येते. चढावर मात्र इंजिन खऱ्या अर्थाने काम करत असते. फेरी जाण्या-येण्याची असेल, तर चढाच्या फेरीला बाहेर उभे राहावे आणि उताराच्या फेरीला डब्यात बसावे.

काळे लोखंड, पांढरी वाफ

एकाच चौकटीत काळे इंजिन आणि उन्हात चमकणारी पांढरी वाफ असते, आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दोन्हींना करडे करू पाहतो. इंजिन दूर असताना चौकटीत आकाश आणि झाडी जास्त असते. ते जवळ येते तसे काळे लोखंड चौकट भरते आणि कॅमेरा चित्र उजळवत नेतो. नेमक्या त्या क्षणी वाफेचा ढग पांढऱ्या डागासारखा जळून जातो. माझी पहिली कित्येक चित्रे याच दोषाने गेली. उपाय सोपा आहे: गाडी येण्याआधीच मॅन्युअल पद्धतीवर जाऊन, त्याच उजेडात असलेल्या गवतावर किंवा रुळांमधल्या खडीवर माप घ्यावे, त्यातून उजेडाची अर्धी ते एक पायरी (स्टॉप) कमी करावी आणि मग गाडी निघून जाईपर्यंत त्या आकड्यांना हात लावू नये. स्वच्छ उन्हात आयएसओ २००, एफ/८ आणि १/१००० सेकंद हा सुरुवातीचा अंदाज बहुधा चुकत नाही. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये साठवावे. सावलीतला काळा रंग नंतर थोडा उघडता येतो, पण जळलेल्या वाफेत परत आणण्यासारखे काहीच उरत नाही.

फोकस इंजिनाच्या पुढच्या गोल दारावर किंवा क्रमांकाच्या पाटीवर ठेवावा. वाफेचा लोट मध्ये आला की स्वयंचलित फोकस भरकटतो. म्हणून रुळांखालच्या ज्या आडव्या तुळईपाशी, म्हणजे स्लीपरपाशी, चित्र घ्यायचे ठरवले असेल, त्या स्लीपरवर आधीच फोकस लावून तो तिथेच पक्का करून ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी पडते.

उजेडाबद्दल एक गोष्ट नॅरोगेजला विशेष लागू होते. टाक्या आणि पायफळी रुळांच्या बाहेर बऱ्याच आलेल्या असल्यामुळे माध्यान्हीच्या उन्हात त्यांची सावली थेट चाकांवर पडते आणि खालचा सगळा भाग काळ्या पट्टीत हरवतो. सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, ऊन तिरके आत शिरते आणि दांडे, खिळे, तेलाचे ओघळ असे सारे उजळते. ढगाळ हवेत चकाकी नसते, पण सावलीही नसते. नुसत्या यंत्रभागांची चित्रे घ्यायची असतील तर मी ढगाळ दिवसच पसंत करतो. सूर्य समोर ठेवून घेतलेल्या चित्रात इंजिनाची छायाकृती आणि कडेने पेटलेली वाफ फार सुंदर दिसते. मात्र त्यात रंग, क्रमांक आणि तपशील काहीच उरत नाही, हे पत्करूनच ते घ्यावे.

चाकांची घाई

नॅरोगेजच्या गाड्या हळू चालतात, म्हणून शटरही हळू चालेल, असा समज होतो. तो गाडीच्या बाबतीत खरा आहे, चाकांच्या बाबतीत नाही. दार्जिलिंगच्या बी वर्गाची चाके ६६० मिलिमीटर व्यासाची आहेत, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन जेमतेम दोन मीटर पुढे सरकते. ताशी १२ किलोमीटरच्या चालीलाही चाक सेकंदाला दीडपेक्षा जास्त वेळा फिरते. दोन सिलिंडरचे साधे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ बाहेर टाकते; त्या हिशेबाने सेकंदाला सहाहून अधिक ठोके पडतात. दोन मीटर व्यासाच्या चाकांचे मोठे इंजिन त्याच वेगाने चालले, तर त्याचे दोनच ठोके ऐकू येतील. लहान इंजिनाचा आवाज धापा टाकल्यासारखा घाईचा का असतो, याचे उत्तर या गणितात आहे.

छायाचित्रासाठी याचा अर्थ असा की गाडी गोठवायला १/२५० सेकंद पुरतो, पण चाकांना एकमेकांशी जोडणारे जोडदांडे अगदी रेखीव हवे असतील तर १/५०० किंवा त्याहून वेगाचे शटर लागते. उलट बाजूने, कॅमेरा गाडीबरोबर फिरवत १/३० सेकंदाला चित्र घेतले, तर इंजिनाचे अंग स्थिर राहते, मागची झाडी पुसली जाते आणि दांड्यांचा जोड तेवढ्या वेळात सुमारे सहा सेंटीमीटर सरकून मऊ होतो. चाल दिसायला ते पुरेसे असते. या चित्रासाठी पाय घट्ट रोवून कमरेतून फिरावे, गाडी येण्याआधीच फिरायला सुरुवात करावी आणि बटण दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये. दहांतली आठ चित्रे वाया जातात, आणि ते गृहीतच धरावे.

जोडदांडे कोणत्या स्थितीत असावेत, याबद्दल जुन्या छायाचित्रकारांचा एक संकेत आहे: दांडे खाली आलेले असावेत. ते वर असले की चाकांच्या आणि चौकटीच्या गर्दीत मिसळतात. खाली असले की चाकांची आरी मोकळी दिसते आणि दांड्याची रेघ स्वतंत्र उठते. सेकंदाला दीड फेरा म्हणजे ही स्थिती ओळखून बोट दाबणे अवघड असते. म्हणून सलग चित्रे घ्यावीत आणि नंतर निवडावीत. अनेक नॅरोगेज इंजिनांची मुख्य चौकट चाकांच्या बाहेर असते. तिथे चाके जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्यांच्याऐवजी बाहेर काढलेले जाड क्रँक गरगरताना दिसतात. अशा इंजिनाला बाजूचे चित्रही शोभते, कारण रूळ किती आत आहेत हे त्या क्रँकच्या मागच्या अंधारातून कळते.

धुराडे काय सांगते

छायाचित्रकारांना दाट काळा धूर आवडतो. चांगल्या फायरमनला, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणाऱ्याला, तो आवडत नाही. काळा धूर म्हणजे भट्टीत हवा कमी पडल्यामुळे न जळता निघून चाललेला कोळसा. पातळ करडी झाक आणि तिच्यावर पांढरी वाफ हे नीट चाललेल्या भट्टीचे लक्षण आहे. काही ठिकाणी खास छायाचित्रांसाठी मुद्दाम धूर करतात. तसे चित्र घ्यायला हरकत नाही, पण इंजिन नेहमी असेच चालत असे, असे त्याखाली लिहू नये. इंधनही माहीत असावे. रोमानियातील विशेउ दे सुसच्या जंगलगाडीत लाकूड जाळतात आणि तिच्या धुराड्यांवर ठिणग्या अडवणारे मोठे टोपण असते. कोलोरॅडोच्या ड्युरँगो-सिल्व्हरटन मार्गाने २०१८ च्या वणव्यानंतर कोळसा सोडून टप्प्याटप्प्याने तेलाची कास धरली.

खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो तो पांढरा ढग थंड हवेत वाफ निवून झालेल्या पाण्याच्या थेंबांचा असतो. सुरक्षा झडप उघडते तेव्हा तिच्या तोंडाशी बोटभर उंचीचा एक पारदर्शक पट्टा दिसतो आणि त्याच्या वर ढग सुरू होतो. जवळून, गडद पार्श्वभूमीवर हा पट्टा चित्रात पकडता येतो, आणि मला स्वतःला पूर्ण गाडीच्या चित्रापेक्षा असले चित्र अधिक आवडते. थंड आणि दमट पहाटे ढग मोठा होतो. कोरड्या उन्हाळी दुपारी तेच इंजिन तितकेच काम करत असूनही धुराड्यावर काहीच दिसत नाही. गाडी सुटताना सिलिंडरच्या खालून दोन्ही बाजूंना फवारे निघतात. थंड सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दट्ट्याने दाबले जात नाही आणि ते झाकण फोडू शकते, म्हणून चालक ते आधी बाहेर काढून टाकतो. दृश्य देखणे असते, पण चाके पूर्ण झाकली जातात. फवारे हवे असतील तर पुढून चित्र घ्यावे आणि चाके हवी असतील तर पन्नास मीटर पुढे जाऊन थांबावे.

कॅमेरा खाली ठेवून नुसते ऐकण्यासाठीही थोडा वेळ राखावा. थांबलेल्या इंजिनाखाली पाण्याची धार पडत असते, मग फायरमन एक दांडा फिरवतो, धार एकाएकी थांबते आणि सुरेल सूं-सूं ऐकू येते. तो इंजेक्टर. आंरी जिफार यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती बॉयलरच्याच वाफेच्या जोरावर त्याच बॉयलरमध्ये, त्याच्याच दाबाविरुद्ध पाणी ढकलते. सुरुवातीला ती मला हातचलाखी वाटली होती. फेस्टिनिओगच्या दुतोंडी फेअर्ली इंजिनांचा आवाज तर ऐकण्यासाठीच आहे. मधोमध केबिन, दोन्ही टोकांना धुराडे आणि खाली चाकांचे दोन स्वतंत्र संच. दोन्ही संचांचे ठोके कधी एकावर एक पडतात, कधी निसटतात, आणि दोन तबलजी एकमेकांची परीक्षा पाहत आहेत असे वाटते. १८७९ साली त्याच रेल्वेच्या कारखान्यात बांधलेले 'मेर्डिन एमरिस' अजून जतन केलेले आहे. अशा इंजिनाला पुढची बाजू अशी नसतेच, त्यामुळे त्याचे चित्र मधल्या केबिनवर लक्ष ठेवून घ्यावे. चालक एका बाजूला आणि फायरमन दुसऱ्या बाजूला असतो.

कोणते इंजिन कोणत्या बाजूने पाहावे, हे आधी वाचून जाण्याचा फायदा शे प्रकारच्या इंजिनांत सर्वांत स्पष्ट दिसतो. तैवानच्या अलिशान जंगल रेल्वेवर जपलेल्या या इंजिनांचे उभे सिलिंडर, फिरता दांडा आणि दातेरी चक्रे सगळी उजव्या बाजूला असतात, आणि त्यांना जागा देण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. डावीकडून चित्र घेतले तर जवळजवळ काहीच मिळत नाही. खोगीर टाकीच्या इंजिनात बॉयलर पाण्याच्या टाकीखाली दडलेला असतो, म्हणून ते वरून, एखाद्या पुलावरून, पाहिले की आकार उलगडतो.

चौथऱ्यावरची इंजिने

चालणाऱ्या इंजिनांपेक्षा स्थानकाबाहेर, बागेत किंवा संग्रहालयात उभी करून ठेवलेली इंजिने कितीतरी जास्त आहेत आणि लोक त्यांच्यापुढे सेल्फी घेऊन पुढे जातात. मला ती दुय्यम वाटत नाहीत, पण ती पाहण्याची रीत वेगळी आहे. चालत्या इंजिनाचे दांडे तेलाने ओले आणि पोलादी असतात. चौथऱ्यावरच्या इंजिनाचे बहुधा रुपेरी रंगाने रंगवलेले असतात. दाबमापक, शिट्टी, पाण्याची काच अशा सहज निघणाऱ्या वस्तू अनेकदा गायब असतात. रंगाचे इतके थर चढलेले असतात की खिळ्यांची डोकी गोल होऊन जातात. हे सगळे दोष म्हणून लपवू नये. इंजिन निवृत्त झाल्यावर त्याचे काय झाले, याची ती नोंद आहे आणि ती जवळून टिपण्यासारखी असते.

प्रथम कारखान्याची पाटी शोधावी. ती टाकीवर, केबिनच्या बाजूला किंवा सिलिंडरजवळ असते आणि तिच्यावर बांधणाऱ्याचे नाव, कारखान्याचा क्रमांक आणि वर्ष असते. अक्षरे रंगाने भरून गेली असतील, तर समोरून फ्लॅश मारू नये. एका बाजूने तिरका उजेड टाकावा. मोबाइलची बत्तीही पुरते, आणि उठावाची सावली पडून मजकूर वाचता येतो. पाटीवरचे वर्ष मूळ बांधणीचे असते. बॉयलर त्यानंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे संपूर्ण इंजिन तितकेच जुने आहे, असे ठामपणे लिहू नये.

पूर्ण इंजिनाचे चित्र घेताना कुंपण, फलक आणि मागच्या इमारती आड येतात. दूर जाऊन लांब लेन्स लावली तर पार्श्वभूमी आवरते, आणि तेही शक्य नसेल तर पूर्ण चित्राचा नाद सोडून भाग टिपावेत. इथे गेज दाखवण्याची उत्तम संधी असते, कारण इंजिन हलणार नसते: कुंपण नसेल आणि परवानगी असेल, तर रुळांच्या मधोमध बसून, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंच धरून समोरून चित्र घ्यावे. जे चालत्या गाडीपुढे कधीही करू नये, ते इथे निर्धास्तपणे करता येते.

अंतर आणि अदब

नॅरोगेजचा धोका त्याच्या साधेपणात असतो. दोन मीटर रुंदीचा डबा ६१० मिलिमीटरच्या रुळांवर चालतो, तेव्हा तो रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना सुमारे ७० सेंटीमीटर आलेला असतो, आणि वळणावर त्याहून जास्त. रुळापासून एक पाऊल दूर उभा असलेला माणूस प्रत्यक्षात डब्याच्या वाटेत असतो. उतारावरची गाडी आवाज करत नाही, हेही विसरू नये. डोळा कॅमेऱ्याला लावला की अंतराचा अंदाज सुटतो. म्हणून उभे राहण्याची जागा आधी डोळ्यांनी ठरवावी आणि चित्र घेताना मागे-पुढे सरकू नये. मार्गालगत किंवा शेडमध्ये जायचे तर परवानगी घ्यावी. अंधारात चालकावर फ्लॅश मारू नये. धुराड्यातून उडणारे कोळशाचे कण डोळ्यांत जातात, त्यामुळे साधा चष्मा असावा आणि लेन्स उघड्यावर बदलू नये.

मोबाइलनेही उत्तम चित्रे निघतात. बोटाने इंजिनावर दाबून फोकस आणि उजेड तिथेच पक्के (लॉक) करावेत, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. डिजिटल झूम वापरू नये. मोबाइलचे शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे कॅमेरा वेगाने फिरवला की खांब आणि धुराडी तिरपी येतात. फिरवून घेण्याची चित्रे मोठ्या कॅमेऱ्यासाठी ठेवावीत.

फेरी संपल्यावर

बहुतेक लोक गाडी थांबताच निघून जातात आणि मग शेडमध्ये खरा ऐवज सुरू होतो. चालक खाली उतरतो, प्रत्येक धारव्यावर (बेअरिंगवर) पालथा हात ठेवून तो किती तापला आहे ते पाहतो. लांब चोचीच्या डब्यातून तेल ओततो आणि कुपीच्या तोंडाचे लहान बूच अंगठ्याने पुन्हा बसवतो. त्याच्या हातांचे चित्र घ्यावे, अर्थात त्याला विचारून. विचारले तर तो बहुधा बूच का लागते, हेही सांगतो. फायरमन लांब सळईने जाळीवरचे वितळून घट्ट झालेले ढेकूळ ओढून काढतो, आणि भट्टीचे दार उघडे असेपर्यंत त्याचा चेहरा केशरी उजेडात न्हाऊन निघतो. इथे माप भट्टीवर घेऊ नये, चेहऱ्यावर घ्यावे. आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नये आणि शटर १/६० च्या खाली उतरवू नये. दार काही सेकंदच उघडे राहते, म्हणून हे आकडे ते उघडण्यापूर्वीच लावून ठेवावेत.

पूर्ण अंधार पडल्यावर ट्रायपॉड लावून उभ्या इंजिनाची दहा-पंधरा सेकंदांची चित्रे घेता येतात. सुरक्षा झडपेतून निघणारी वाफ तेवढ्या वेळात धुक्यासारखी पसरते, आणि बाजूने हातातली बत्ती हळूहळू फिरवून चाके उजळता येतात. बत्तीचा झोत नेहमी आडवा आणि खालून असावा, कॅमेऱ्याच्या बाजूने नको. त्यानंतर भट्टी झाकली जाते, धुराड्यावर झाकण पडते आणि बॉयलर रात्रभर हळूहळू निवत राहतो. घरी जाण्याआधी इंजिनाचा क्रमांक, वर्ग, पाटीवरचे वर्ष, ठिकाण आणि तारीख वहीत लिहून घ्यावी, आणि गेजही, मिलिमीटरमध्ये.